सुंगटाच्या गाडीतले तीन रेडिओ

एकाच वेळी तिघांचं बोलणं शांतपणे ऐकून घेणारा माणूस पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. हे विधान मी जबाबदारीनं करतो. डिचोलीच्या एका वाचनालयात माझी तीस वर्षं गेली. तिथे ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून मी बोलणारी माणसं इतकी पाहिली की मोजदाद सोडून दिली. उद्घाटक पाहिले, प्रमुख पाहुणे पाहिले, ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून घड्याळाचा काटा फिरवून टाकणारे अध्यक्ष पाहिले. ऐकणारा माणूस मात्र दुर्मिळ. जो सापडला तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं आधीच नवरा करून ठेवला होता, आणि तो माणसांपेक्षा रेडिओंचं जास्त ऐकतो, एवढीच काय ती त्यात खोट.

साडूभाऊ पेडण्यातल्या हळर्णचे. सरकारी परवाना असलेले हौशी रेडिओवाले. ही जमात ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही माणसं स्वतःच्या यंत्रावरून, स्वतःच्या एरियलवरून, कुठल्याही कंपनीच्या तारेविना दूरदूरच्या तशाच दुसऱ्या माणसांशी बोलतात. इतकं सगळं करून बोलतात काय, तर ‘माझा आवाज कसा येतोय?’ पलीकडचा सांगतो, ‘बरा येतोय, माझा कसा येतोय?’ मग दोघं समाधानानं वहीत वेळ टिपून ठेवतात. सुरुवातीला मला हा वेडेपणा वाटला. पुढे ती शंका राहिली नाही, खात्रीच झाली. त्यानंतर कधीतरी, नेमकं केव्हा ते सांगता येणार नाही, त्या वेडाबद्दल मला आदर वाटू लागला. माझ्या ओळखीच्या बहुतेक शहाण्या माणसांबद्दल माझा प्रवास याच्या बरोबर उलट झालेला आहे.

इतर रेडिओवाले घरात बसतात. साडूभाऊंना घर मानवलं नाही. शेजाऱ्यांच्या ट्यूबलाइटांचे चोक, पंपाचे स्टार्टर, इन्व्हर्टर, सगळे मिळून त्यांच्या रेडिओत सतत तळण तळल्यासारखा आवाज करायचे. म्हणून त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, पूर्वी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, आणि तिच्यात एक नाही तर तीन रेडिओ बसवले. पहिला आसपासच्या दहा-वीस किलोमीटरांसाठी, दुसरा डोंगरापलीकडच्यांसाठी, आणि तिसरा लांबचा, चारदोन जिल्हे ओलांडून जाणारा. छपराच्या मधोमध हातभर लांबीची काडी, मागच्या कोपऱ्यात वीतभर काडी, आणि मागच्या बंपरवर आठ फुटांची, तांब्याच्या तारेचं वेटोळं घातलेली, वाऱ्यावर डुलणारी तिसरी काडी. या मिशा पाहून गावानं व्हॅनला ‘सुंगट’ हे नाव दिलं. सुंगट म्हणजे आमची कोळंबी. आता हळर्णात पत्ता सांगताना पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा म्हणतो, “सुंगटाच्या गाडयेकडसून डावीकडे वळ.”

तीन रेडिओ एका पत्र्याच्या डब्यात ठेवणं म्हणजे तीन कीर्तनकारांना एका बाकावर बसवणं. एक बोलायला लागला की त्याच्या जोरानं शेजारचा बहिरा होतो. लांबून येणारा बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही. यासाठी पुस्तकांत मोठमोठे शब्द असतील. साडूभाऊंचा शब्द एकच: कान बसणे. “एक बोललो की दुसऱ्याचो कान बसता,” ते सांगतात, “आणि कान बसल्याला त्येका कळणा नाय. त्येका वाटता, जगात कोण बोलणाच नाय.” हा शब्द त्यांनी रेडिओपुरता ठेवला नाही. पंचायतीची सभा, लग्नाची बोलणी, टीव्हीवरच्या चर्चा, सगळीकडे ते दोन मिनिटं उभे राहतात आणि निदान करून बाहेर पडतात. एकदा आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेला मी त्यांना आग्रहानं नेलं. परतताना मी विचारलं, कशी झाली सभा? म्हणाले, “अकरा जणां बोलत होती. आयकूक एक तो शिपाई. त्येकाच अध्यक्ष करा.”

या वेडाचं मूळ खाणीवर आहे. तरुणपणी ते डिचोलीजवळच्या एका खाणीवर वाहनांची वायरिंग सांभाळत. तिथल्या जीपमध्ये दोन वायरलेस सेट होते. एका दुपारी सुरुंग लावायच्या आधीचा इशारा एका सेटवर आला, आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या सेटवर कोणीतरी जेवणाचे डबे कुठे ठेवलेत ते सांगत होतं. इशारा कोणी ऐकलाच नाही. टिप्परच्या टपावर भोपळ्याएवढा दगड येऊन पडला. चालक तेव्हा पाणी प्यायला उतरलेला होता म्हणून वाचला. चौकशी झाली, चालकाचं नशीब थोर ठरलं आणि प्रकरण मिटलं. साडूभाऊंच्या मनातून मात्र ते गेलं नाही. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, तेही स्क्रू पिळता पिळता. “इशारो इललो रे. आमचो कान बसललो.” पुढे त्यांनी खाणीवरची नोकरी सोडली, घराच्या पडवीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, आणि उरलेलं आयुष्य तीन रेडिओंना एकमेकांचा त्रास न होता एका गाडीत नांदवायला दिलं.

त्यासाठी त्यांनी काय केलं नाही? रेडिओंची वीज गाडीच्या वायरिंगमधून न घेता थेट बॅटरीवरून जाड तारांनी आणली. दारं, बॉनेट, मागचं झाकण, सायलेन्सर, जे जे हलतं ते ते तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी गाडीच्या अंगाशी बांधून टाकलं. या पट्ट्यांना ते वेण्या म्हणतात. गाडीला अशा बावीस वेण्या आहेत. शिंप्याचा टेप घेऊन एरियल इंच-इंच सरकवत त्यांनी एक अख्खा मे महिना छपरावर काढला. गावाला वाटलं, गाडीला कपडे शिवतायत. बिस्किटांच्या डब्यांत तारांची वेटोळी आणि कसले कसले पत्र्याचे तुकडे बसवून त्यांनी गाळण्या तयार केल्या. प्रत्येक रेडिओला आपापलीच लहर मिळावी आणि शेजाऱ्याची अडावी, हे त्या गाळण्यांचं काम. आणि प्रत्येक तारेवर काळे मणी ओवले. चुंबकाच्या जातीचे, सुपारीएवढे, गुळगुळीत. तारेतून चोरून येणारी खरखर ते मणी गिळतात. माझी मेव्हणी, जिला मीही ताईच म्हणतो, एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, “माज्या मंगळसूत्रात नायत इतके काळे मणी ह्या गाडयेक आसत. आणि वेण्यो बावीस! माजी वेणी घालूक ह्येंका कधी वेळ गावललो नाय.” साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, “तुज्यात खरखर नाय, म्हणान.” पंचवीस वर्षांच्या संसारात ताईला मिळालेली ही सर्वांत मोठी स्तुती असावी. ती दोन दिवस खुशीत होती.

या काळ्या मण्यांनी एकदा मोठा घोटाळा केला. गावच्या देवळाला कोणीतरी लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा भेट दिल्या आणि तिसऱ्या रेडिओत दिवसभर बेडूक ओरडू लागले. साडूभाऊ हातात लहानसा ट्रान्झिस्टर घेऊन, तो कानाला लावून, गावभर हुंगत हिंडले आणि देवळापाशी येऊन थांबले. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन माळांच्या तारांवर त्यांनी आठ-दहा काळे मणी चढवले. विचारणाऱ्याला म्हणाले, “वायट काय आसा तां भायर येवचा नाय.” त्यांना म्हणायचं होतं खरखर. गावानं ऐकलं ते वेगळंच. आठवड्याभरात शेजारच्या वाड्यावरची माणसं त्यांच्या पडवीत, आमच्याही देवळाला दृष्टीचे मणी द्या म्हणून. त्यांनी तासभर लहरींचं शास्त्र समजावलं. लोकांनी माना डोलावल्या, मणी कपाळाला लावले आणि नेले. दोन टेम्पोवाल्यांनी तर पुढच्या काचेत लिंबू-मिरचीच्या शेजारी एकेक टांगला. मी त्यांना चिडवलं की भाऊ, तुम्ही आता विज्ञान सोडून गादी चालवा. ते म्हणाले, “त्येंच्या माळांची खरखर गेली मां? मगे जावंदी.”

त्यांचा आणखी एक शत्रू म्हणजे तीन हा आकडा. पहिला रेडिओ एकशे पंचेचाळीस मेगाहर्ट्झवर बोलतो आणि दुसरा चारशे पस्तीसवर ऐकतो. आता एकशे पंचेचाळीसला तीननं गुणून बघा. साडूभाऊंना हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा ते आमच्या घरी चहा पीत होते, आणि बशीतले तीन उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, एकमेकांपासून लांब सरकवत म्हणाले होते, “बघ, निसर्गानच दावो साधल्यान.” पहिल्याच्या बोलण्याची तिप्पट पडसाद होऊन दुसऱ्याच्या कानात शिरते, असं हे प्रकरण. ते मिटवायला त्यांना दोन वर्षं लागली.

बोलण्याचीही त्यांची एक तऱ्हा आहे. समोरच्याचं वाक्य संपलं की ते लगेच उत्तर देत नाहीत. दोन-तीन सेकंद थांबतात. रेडिओवर तशी शिस्त असते; मध्ये कोणाला तातडीचं काही सांगायचं असलं तर त्याला वाट मिळावी म्हणून. हे माहीत नसलेल्या माणसाला ते बहिरे तरी वाटतात किंवा नाराज तरी. ताईला बघायला गेले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी विचारलं, “मग, मुलगी पसंत?” आणि साडूभाऊ थांबले. त्या तीन सेकंदांत सासऱ्यांचा चेहरा उतरला, सासूबाईंनी पोह्यांची बशी मागे घेतली आणि ताई उठून आत निघाली. “पसंत,” असं ते म्हणाले तेव्हा खोलीत ऐकायला निम्मीच माणसं होती.

तर तिसऱ्या रेडिओवर एक माणूस होता. कर्नाटकात कुंदापूरला राहणारे निवृत्त पोस्टमास्तर. बावीस वर्षं रोज सकाळी सव्वासात वाजता साडूभाऊ व्हॅन घेऊन हळर्णच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जात आणि मास्तरांशी दहा मिनिटं बोलत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांचा रेडिओ अशक्त, जुन्या बॅटरीवर चालणारा, त्यामुळे त्यांचा आवाज कायम तळाशी, खरखरीच्या खालून आल्यासारखा. त्यांची कोंकणी दक्षिणेकडची, प्रश्नाच्या शेवटी ‘वे’ लावणारी. “खाण जालें वे?” म्हणजे नाश्ता झाला का, हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न. त्यावर साडूभाऊ काय खाल्लं ते सांगत, आणि मग पुढची नऊ मिनिटं गाडीतल्या नव्या वेणीबद्दल बोलत. उलट प्रश्न त्यांनी बावीस वर्षांत विचारला नसावा. मास्तर ऐकून घेत.

गेल्या वर्षी मास्तरांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. रविवारी दुपारी मंगळूरच्या इस्पितळात दाखल व्हायचं आणि सोमवारी शस्त्रक्रिया. म्हणजे रविवारचा सव्वासातचा आवाज शेवटचा. साडूभाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा ते बराच वेळ एक मणी तारेवर मागेपुढे सरकवत होते. अडचण अशी की नेमक्या त्याच रविवारी केरी ते डिचोली सायकल रॅली होती आणि तिच्या संपर्काची जबाबदारी साडूभाऊंनी दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. केरीच्या किनाऱ्यावरून निघायचं, कोरगाव, पेडणे, हळर्ण करत डिचोलीला पोहोचायचं. मध्ये डोंगर, मोबाइलचं काही खरं नाही. वाटेवर त्यांच्यासारखेच आणखी चार परवानेवाले उभे राहणार आणि सुंगटाची गाडी शेवटच्या सायकलमागून जाणार. मी म्हटलं, भाऊ, दुसऱ्या कोणाला तरी सांगा ना. ते तीन सेकंद थांबले आणि म्हणाले, “शब्द दिललो आसा. दोनय करूया. त्येच्यासाटीच तर ह्यां सगळां केलंय.”

त्यामुळे त्या सकाळी आम्ही तिघं व्हॅनमध्ये होतो. चालवत होती ताई. नवऱ्याचे दोन्ही हात कायम गुंतलेले म्हणून तिनं चाळिशीत गाडी शिकून घेतलेली, आणि ती वेग इतका सारखा ठेवते की डायनामोचा सूरसुद्धा बदलत नाही. शेजारी साडूभाऊ, पहिले दोन रेडिओ समोर. मागे मी, तिसऱ्या रेडिओचा हेडफोन आणि वही घेऊन. मला परवाना नाही, त्यामुळे बोलण्याची मनाई. फक्त ऐकायचं. माझ्या पेशाला हे शोभणारं काम होतं.

रॅलीच्या मंडळाचे अध्यक्ष एका उघड्या जीपमध्ये होते. जीपवर लाल-निळे चमकणारे दिवे, भोंगे, आणि भोंग्यांसाठी एक गुरगुरणारं यंत्र. अध्यक्षांच्या हातात वॉकीटॉकी होता, तो ते सत्काराच्या फुलासारखा धरून होते. सायकलस्वार दमले होते, रस्ता नुसता चढाचा होता, आणि अध्यक्ष त्यांना भोंग्यावरून आरोग्याचं महत्त्व सांगत होते. कोरगाव आलं तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि नेमके अध्यक्ष मागच्या स्वारांना प्रोत्साहन द्यायला म्हणून आमच्या शेजारी येऊन चालू लागले. माझ्या हेडफोनमध्ये एकदम दगडी पाट्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज सुरू झाला. तिसऱ्या रेडिओतलं सगळं जग बुडून गेलं.

“गाडयेची खरखर मी काढलंय,” साडूभाऊ हळू आवाजात म्हणाले. “शेजारच्या गाडयेची कशी काढू?” त्यांनी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, हात बाहेर काढून जीपला नम्रपणे पुढे व्हायला सुचवलं. अध्यक्षांनी नमस्कार समजून नमस्कार केला. सात वाजून बारा मिनिटं. ताईनं वेग कमी केला, जीपनंही केला. रेडिओवरून खोटं बोलायचं नाही हा साडूभाऊंचा नियम, पण मला रेडिओवरून बोलायचाच परवाना नव्हता. मी जनेलाची काच खाली केली आणि ओरडलो, “साहेब, पेडण्याच्या बाजारात पत्रकार आसत!” हे पूर्ण सत्य होतं. पेडण्याच्या बाजारात एक पत्रकार राहतो. त्या वेळी तो झोपलेला असावा. अध्यक्षांनी केसांवरून हात फिरवला, चालकाच्या पाठीत बोट टोचलं, आणि लाल-निळे दिवे वळणापलीकडे दिसेनासे झाले. पत्र्याचा आवाज क्षीण होत होत गेला आणि त्याच्या खालून, अगदी तळातून, कोणीतरी विचारलं, “खाण जालें वे?”

साडूभाऊंनी हेडफोन जवळजवळ हिसकावून घेतला. “जालां,” ते म्हणाले. “उंडो आणि पातळ भाजी. तुजां?” बावीस वर्षांतला बहुधा पहिला उलट प्रश्न. मास्तर बोलू लागले. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त साडूभाऊंची मान हलताना दिसत होती.

आणि तेवढ्यात पहिला रेडिओ बोलला. पेडण्याच्या उतारावर उभ्या असलेल्या माणसाची हाक: एक सायकलस्वार घसरला आहे, डोक्याला लागलं आहे, रक्त थांबत नाही, गाडी पाठवा. रुग्णवाहिका हळर्णला, तिथल्या परवानेवाल्यापाशी, डोंगराच्या पलीकडे. तिला फक्त दुसऱ्या रेडिओवरूनच सांगता येत होतं. आणि तिसऱ्यावर मास्तर बोलत होते. रेडिओवर बोलणाऱ्याला मध्येच थांबवता येत नाही. तो बोलत असतो तेव्हा त्याचं यंत्र ऐकत नसतं. साडूभाऊंनी डोक्यावरचा हेडफोन काढला, मागे न बघता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आयक. सगळां आयक. लिवन घी.” मग दोन्ही हातांत दोन माइक घेऊन ते वळले.

पुढची दोन-तीन मिनिटं मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा लक्ष देऊन ऐकलं. समोर साडूभाऊ एका रेडिओवर पेडण्याला विचारत होते, दुसऱ्यावर हळर्णला वाट सांगत होते, शांत, एकेक शब्द सुटा. त्यांच्या काड्यांमधून पूर्ण जोरानं लहरी बाहेर जात होत्या, माझ्यापासून दोन हातांवर, आणि माझ्या कानात कुंदापूरचा तो म्हातारा आवाज जसाच्या तसा चालू होता. तुटला नाही, बुडाला नाही. साडूभाऊंनी बोलता बोलता एकदाच मागे वळून भुवया उंचावल्या. काय विचारतायत ते मला कळलं. मी मान हलवली: नाही, कान बसला नाही. डोक्याला लागलेल्या माणसासाठी रुग्णवाहिका बोलावत असताना साडूभाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. बावीस वेण्या, सगळे काळे मणी, बिस्किटांचे डबे, तो मे महिना, सगळं फळाला आलं होतं. फक्त माणसाला कान दोनच असतात आणि त्यांच्यामागे मन एकच, त्यावर त्यांच्याकडे गाळणी नव्हती.

रुग्णवाहिका वेळेवर पोहोचली. चार टाके पडले, बाकी काही नाही. साडूभाऊ पुन्हा हेडफोनकडे वळले तेव्हा मास्तरांचा मुलगा गाडी घेऊन दारात आला होता. मास्तरांनी नेहमीसारखा साडूभाऊंचा आवाज कसा येतोय ते सांगितलं, साडूभाऊंनी त्यांचा सांगितला. “बारीक येता. पण सगळां कळता.” दोघांनी वेळ टिपली. निरोपाचा एकही शब्द कोणी बोललं नाही. मी वाट बघत होतो, कारण पुस्तकं वाचून मला तशी सवय लागली आहे.

मग मी वही पुढे केली. मास्तरांनी त्या मधल्या काळात जे सांगितलं ते मी जमेल तसं उतरवलं होतं. उद्यापासून मला बोलता येणार नाही, पण बरा झालो की मी सव्वासातला बसेन. तू विचार. मी माइकवर बोट आपटीन. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. आणि पुढे एक वाक्य होतं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं: “म्हाका तुजें आयकूंक जाय.” मला तुझं ऐकायचं आहे. साडूभाऊंनी वाचलं. ताईनं गिअर बदलला. पेडण्याच्या बाजारात अध्यक्ष रस्त्याच्या मधोमध उभे राहून पत्रकाराची वाट बघत होते. आम्ही त्यांना वळसा घालून पुढे गेलो.

त्यानंतर तीन आठवडे साडूभाऊ रोज सड्यावर गेले, हाक मारली, आणि खरखर ऐकून परत आले. बाविसाव्या दिवशी त्यांचा मला फोन आला. ते काही बोलेनात, मला वाटलं नेहमीचे तीन सेकंद असतील. पण ते लांबले. शेवटी म्हणाले, “ठोकल्यान रे. दोन.”

आणि तिथून त्यांच्यापुढे खरं संकट उभं राहिलं. जन्मात कोणाला प्रश्न न विचारलेल्या माणसाला आता रोज दहा मिनिटं पुरतील इतके प्रश्न लागू लागले, तेही हो-नाहीत उत्तर येईल असेच. जेवलास काय? टक टक. दुखता काय? टक. पाऊस पडलो? टक टक. चार दिवसांत साठा संपला. मग ते वाचनालयात माझ्याकडे येऊन बसू लागले. “तू इतकी पुस्तकां वाचलंस. एक बरो प्रश्न दी.” मी तत्त्वज्ञानाच्या कपाटापर्यंत जाऊन आलो. माणसानं एकमेकांना विचारावा असा एकही हो-नाहीचा प्रश्न मला तिथे मिळाला नाही. शेवटी ताईनंच काम हातात घेतलं. मास्तरांची बायको गूळ घालते का भाजीत, सून बरी वागते का, घराला माड किती, दहापेक्षा जास्त का, वीसपेक्षा जास्त का. दोन महिन्यांत साडूभाऊंना मास्तरांबद्दल बावीस वर्षांत कळलं नव्हतं इतकं कळलं. मास्तरांना एक मुलगी होती आणि ती लहानपणीच गेली, हेही.

परवा मी सड्यावर गेलो होतो. ताईही होती. साडूभाऊंनी दोन-चार नेहमीचे प्रश्न विचारले, वही मिटली, आणि कुठेही न लिहिलेला प्रश्न विचारला. “तुका भेटूक येव काय?”

खरखर. बराच वेळ. मग टक. मग टक. मग थोड्या अंतरानं आणखी एक.

तीनचं काही ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, पहिलं एक म्हणजे नाही, आणि मग मत बदलून दोन. किंवा दोन म्हणजे हो, आणि शेवटचा नुसता हात लागला असेल. नक्की काहीच सांगता येत नाही. ताईनं नाश्त्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “तुमका दोघांक कायच कळणा नाय. तिगांक येवंक सांगता तो.”

एरवी मी कोणाचंही म्हणणं पुराव्याशिवाय मान्य करत नाही. या वेळी मी रजेचा अर्ज दिला. शुक्रवारी निघायचं ठरलं आहे, सुंगटाच्या गाडीनं. काल साडूभाऊंना मी विचारलं, बावीस वर्षांनी समोर आल्यावर पहिल्यांदा काय बोलणार? ते छपरावरची काडी पुसत होते.

“मी नाय बोलूचंय,” ते म्हणाले. “बावीस वर्सां मीच बोललंय. आता त्येची बारी.”